बुडालेल्या घरांचे निरोप

रांदुसगारा गावातल्या माणसाचं मास्रियावाचून कधीच भागलं नाही. जन्माचा दाखला, शाळेचा अर्ज, लग्नाची पत्रिका, मयताची बातमी, सगळं तिच्या बोटांखालून जायचं. जिल्ह्याच्या शहरात बस थांब्यासमोर झेरॉक्सचं एक दुकान होतं, तिथं ती लग्नाआधीपासून टायपिंगला बसायची. आधी खडखडणारं मशीन होतं, मग कॉम्प्युटर आला. नवं काही आलं की ती आधी दोन दिवस त्याच्यावर रागवायची आणि तिसऱ्या दिवशी शिकून मोकळी व्हायची. गावात लहानथोर तिला यू मास्री म्हणायचे, म्हणजे मास्रीताई.

तिच्या लहानपणी गावाभोवती भातशेती होती. पुढे पाणी खारट झालं म्हणून शेतांची कोळंबीची तळी झाली, आणि नंतर तळ्यांचे बांधच समुद्रानं नेले. जमीन खाली बसत होती, पाणी वर येत होतं, आणि याचं कोणाला नवल राहिलं नव्हतं. लोक भराव घालून घरातली जमीन उचलायचे, छप्पर मात्र तिथंच राहायचं. मास्रिया आपल्याच स्वयंपाकघरात वाकून वावरायची. गल्ल्या गेल्या, त्यांच्या जागी फळ्यांचे पूल आले. ज्यांना जमलं ते गाव सोडून गेले. त्यांची घरं खिडक्यांपर्यंत पाण्यात उभी राहिली.

तिचा नवरा तारमुजी कोळंबीच्या तळ्यांवर राखणीला असायचा. बोलका माणूस, पण फोनवर लिहायचा भारी कंटाळा. म्हणून बारीकसारीक गोष्टींचे आवाजी निरोप पाठवायचा. मीठ संपलंय. आज उशीर होईल. काविळीनं तो गेला तेव्हा कब्रस्तान अजून कोरडं होतं. वर्षभरातच तिथं भरतीचं पाणी शिरायला लागलं. मग गुरुवारी संध्याकाळी बायका छातीभर पाण्यात उभ्या राहून मेलेल्यांसाठी कुराणातलं यासीन पढायच्या. वाहिलेली फुलं कबरीवर ठरायची नाहीत, पाण्यावरून निघून जायची. ती कुठं जातात ते बघायचं नाही, असा न सांगता रिवाजच पडला होता.

गावाचं मागणं एकच होतं, कब्रस्तानाला भराव घालून द्या. जिवंत माणसं फळ्या टाकून कशीही राहतात, पण पुरलेल्यांना कोण वर उचलणार?

जिल्हा कचेरीनं तक्रारींसाठी फोनवर एक नंबर दिला होता. तिथं माणूस नव्हता, यंत्र उत्तर द्यायचं. लोक त्याला पेटी म्हणायचे. मास्रियानं मोठ्या मेहनतीनं एक तक्रार लिहिली आणि सगळ्या गावानं तीच आपापल्या फोनवरून धाडली. सगळ्यांना एकच उत्तर आलं. याच मजकुराची तक्रार आधी नोंदवली गेली आहे, म्हणून आपली तक्रार बंद करण्यात येत आहे, धन्यवाद. मास्रियाच्या हे फार जिव्हारी लागलं. उभ्या आयुष्यात तिनं टाइप केलेला एकही अर्ज असा परत आला नव्हता.

त्याच सुमारास अयुनिंग गावात आली. शहरातल्या कलाशाळेत शिकवणारी ही बाई पाण्यातल्या घरांचे फोटो काढायची. मास्रियानं तिला काळी कॉफी आणि आंबवलेल्या सोयाबीनचं तळलेलं तेम्पे दिलं, आणि सोबत पेटीचं गाऱ्हाणंही ऐकवलं. अयुनिंग हसली. म्हणाली, पेटीला दर वेळी वेगळे शब्द हवेत ना, मग देऊ या की.

"म्हणजे मी रोज बसून नवीनवी तक्रार टाइप करू? दुकान कोण बघणार?"

"तुम्ही नाही, यू. घरं करतील तक्रार."

अयुनिंगनं तिला एक साधा प्रोग्राम करायला शिकवला. गावातल्या माणसांची वाक्यं त्यात भरायची. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो एवढंच तो लक्षात ठेवायचा आणि त्याच तुकड्यांची नवी वाक्यं जुळवायचा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक त्याला दिलेलं होतं. भरती लागली की गावातल्या एकेका घराच्या नावानं एकेक निरोप पेटीकडे जाणार, आणि तोच सगळ्यांना वाचता येईल अशा एका पानावरही दिसणार.

मग मास्रिया फोन घेऊन घरोघर फिरली. तुमचं घर बोलायला लागलं तर काय म्हणेल, असं विचारायची आणि जे बोलतील ते आवाजात भरून घ्यायची. आधी सगळ्यांनी थट्टाच केली. म्बाह करमान गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. त्याला सगळेच म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणायचे.

"माझं घर कंजूष आहे," तो म्हणाला. "पाणी आत घेतं, पण बाहेर सोडत नाही."

"म्बाह, घराची चुगली नको. घर काय म्हणेल ते सांगा."

म्हाताऱ्यानं वर आपल्या झोपायच्या फळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "लिही. म्हणावं, म्हातारा माझ्या वरच्या फळीवर झोपतो. तो उठला की मला हलकं वाटतं."

त्यानंतर थट्टा थांबली. बायकांनी चुलीबद्दल सांगितलं, पुरुषांनी दारांबद्दल. गाव सोडून गेलेल्यांनी फोनवरून सांगितलं. फक्त सानिमानच्या कुटुंबाचा पत्ता लागला नाही. ती माणसं बोर्नियोत तेलताडाच्या मळ्यांवर कामाला गेली होती. त्यांचं घर गावाच्या टोकाला, खारफुटीतल्या तिवरांपाशी होतं. त्या घरासाठी मास्रियाकडे एकही वाक्य नव्हतं. इतरांच्या वाक्यांतून काय जुळेल ते जुळेल, म्हणून तिनं त्याचंही नाव घालून टाकलं.

पहिल्या भरतीला घरं बोलली. पेटीला त्यांतला एकही निरोप बंद करता आला नाही, कारण सारखा म्हणावा असा एकही नव्हता. एका घरानं म्हटलं, 'पाणी जेवायला बसलंय, त्याला कोणी वाढत नाही.' दुसऱ्यानं म्हटलं, 'भिंतीवर लग्नाचा फोटो आहे. नवरी भिजली, नवरा कोरडा.' पेटी प्रत्येकाला उत्तर देत होती. आपली तक्रार नोंदवली आहे, धन्यवाद. लोक फळ्यांवर बसून एकमेकांना वाचून दाखवायचे आणि पोट धरून हसायचे. गाव सोडून गेलेले लांबून फोन करायचे, आमचं घर आज काय म्हणालं?

सानिमानच्या घराचे निरोप मात्र वाचून कोणी हसायचं नाही. एका दुपारी त्यानं म्हटलं, 'दार मी उघडलं नाही. ते आतून उघडलं.'

मास्रियानं ही वाक्यं शोधून काढली. पहिलं म्बाह करमानच्या सुनेचं होतं. दुसरं एका बाईनं शिंपल्याबद्दल म्हटलेलं होतं. एवढीच गोष्ट, दोन तुकडे शेजारी आले होते. तिनं हे सगळ्यांना समजावून सांगितलं आणि सगळ्यांना पटलंही. तरी त्या दिवसापासून होड्या सानिमानच्या घराला वळसा घालून जायला लागल्या. मास्रियाचीही.

अयुनिंगनं घरांचे निरोप लांब पांढऱ्या कापडांवर छापून शहरातल्या एका दालनात टांगले. मास्रिया ठेवणीतला केबाया, म्हणजे लांब बाह्यांचा समारंभाचा पोलका, घालून तिथं गेली. कापडं पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती आणि माणसं त्यांच्यामधून हळूहळू चालत होती. बाहेर पडणाऱ्यांपैकी कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एका गृहस्थानं तिला विचारलं, या कविता तुमच्या का? तिनं सांगितलं, घरांच्या आहेत. तो मान हलवून पुढे गेला, जशी काही ही अगदी रोजची गोष्ट होती.

पण अजून कब्रस्तानाबद्दल कोणी एक शब्द विचारला नव्हता. घरांची दया यायची, फोटो निघायचे, कबरींचं नाव निघालं की साहेब लोक विषय बदलायचे. तेव्हा मास्रियानं कोणालाही न विचारता, अयुनिंगलाही न सांगता, प्रोग्राममध्ये आणखी एक नाव घातलं. कब्रस्तान. त्याच्यासाठी वाक्यं हवी होती. तिनं तारमुजीचे जुने आवाजी निरोप काढले. तो गेल्यापासून तिनं ते ऐकले नव्हते. एकेक ऐकत ती टाइप करत गेली, जसा एखाद्या गिऱ्हाइकाचा अर्ज टाइप करावा तशी, चेहरा सरळ ठेवून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या भरतीला ती फळीवर कपडे गोळा करत होती. फोन वाजला. कब्रस्तानाचा निरोप होता. 'पाय गार पडलेत. मीठ आण. मी डावीकडे आहे, तिवरांच्या बाजूला.'

ती तिथंच खाली बसली. हातातले कपडे पाण्यात पडले आणि तिला ते कळलं नाही. डावीकडे आहे, हे त्यानं एकदा तळ्यांवर डबा घेऊन येणाऱ्या तिला सांगितलेलं होतं. पाय गार पडल्याचं आजारपणात म्हटलेलं. मीठ तर नेहमीचंच. तिला सगळं ठाऊक होतं, तिनंच तर ते भरलं होतं. तरी ती अंधार पडेपर्यंत कब्रस्तानाच्या दिशेला बघत राहिली.

म्बाह करमाननं तो निरोप जाड चष्म्यातून दोनदा वाचला.

"हे तारमुजीचं बोलणं आहे."

"यंत्राचं आहे, म्बाह."

"यंत्र मीठ खातं का?"

  तेव्हापासून भरती लागली की म्हातारा फोन हातात घेऊन दारात बसायचा आणि कब्रस्तानाचा निरोप आला की टोपी सारखी करायचा.

यानंतर पेटीची उत्तरं बदलायला लागली. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. एका घराला उत्तर आलं, 'आपली तक्रार नोंदवली आहे. पाय वर घ्या.' लोकांना वाटलं, कचेरीत कोणीतरी टवाळ माणूस बसवलाय. मग एकदा कब्रस्तानाच्या निरोपाला उत्तर आलं, 'धन्यवाद. इथंही मीठ संपलंय.'

मास्रियानं अयुनिंगला फोन केला. तिनं चौकशी करून सांगितलं की लोकांच्याच बोलीत उत्तर देता यावं म्हणून पेटीला आलेल्या तक्रारींवरून शिकायची सोय करून दिलेली आहे. शहरातली माणसं कधीमधी तक्रार करतात. रांदुसगाराची घरं रोज करत होती, दोन्ही भरत्यांना. पेटीनं त्यांचीच भाषा उचलली होती.

आणि पेटी काही फक्त रांदुसगाराला उत्तरं देत नव्हती. शहरात, जिथं समुद्राचा वाससुद्धा येत नाही अशा भागात, एकानं रस्त्यावरचा दिवा बंद असल्याची तक्रार केली. त्याला उत्तर आलं, 'दिवा लावू नका. पाण्यात कोण उभं आहे ते दिसेल.' कोणी रस्त्यातला खड्डा कळवला. 'तो खड्डा नाही, ती जागा राखून ठेवली आहे.' एका निवृत्त शिक्षिकेनं कचरा उचलला जात नाही असं कळवलं, तर तिला पेटीनं सांगितलं की पाणी उंबरठ्याशी आलंय, अंथरुणं वर घ्या. बाई एकटी राहायची. तिनं गाद्या कपाटावर चढवल्या आणि स्वतः टेबलावर पाय घेऊन बसली. शेजाऱ्यांनी संध्याकाळी दार उघडलं तेव्हा ती तशीच बसलेली होती, आणि फरशी खडखडीत कोरडी होती.

ही गोष्ट मास्रियाला झेरॉक्सच्या दुकानातच कळली. सांगणाऱ्याला माहीत नव्हतं की ऐकणारी कोण आहे. तिनं काम तसंच टाकलं आणि अयुनिंगला गाठलं. म्हणाली, मी माणसांना घाबरवायला बसले नव्हते. अयुनिंगचे डोळे चमकत होते. ती म्हणाली की निषेधाचं इतकं जबरदस्त काम तिनं आयुष्यात पाहिलं नाही, आता थांबवणं म्हणजे वेडेपणा.

"तुमच्यासाठी ते काम आहे, बाई," मास्रिया म्हणाली. "तिथं माझा माणूस आहे."

 कब्रस्तानाचे शब्द कुठून आले, हे अयुनिंगला तेव्हा कळलं.

आठवडाभरात कचेरीचा माणूस होडीतून गावात आला. त्याचं नाव हेन्दार्तो, पेटीचं काम त्याच्याकडे होतं. बूट हातात धरून तो फळ्यांवरून चालत आला, मास्रियाच्या दारात वाकला, तरी कपाळ आपटून घेतलंच. दरडावून बोलेल म्हणून शेजारी गोळा झाले होते, पण तो फार हळू बोलत होता. प्रोग्राम बंद करा, एवढीच विनंती घेऊन तो आला होता. मास्रियानं त्याला कॉफी दिली. शेजारी पांगेपर्यंत त्यानं कपाला हात लावला नाही.

"यू, एक विचारू? तुमच्या घरांनी आजवर पाठवलेलं सगळं मी वाचलंय. एकूण एक."

"मग?"

"परवा पेटी नीट चालते का बघायला मी स्वतःच तक्रार टाकली. नाव नाही, पत्ता नाही. नळाला पाणी येत नाही, एवढंच. तिनं विचारलं, आईला कुठं ठेवलंस?" त्यानं कप फिरवला. "हे वाक्य तुमच्यातल्या कोणीच पाठवलेलं नाही. मी शोधलं."

मास्रियानंही मनात शोधलं. आई हा शब्द कितीतरी घरांच्या तोंडी होता. कुठं ठेवलंस, हे कोयत्याबद्दल, किल्लीबद्दल म्हटलेलं होतं. तुकडे तिचेच होते. पण जोडणी पेटीची होती, आणि ती या माणसासाठीच का झाली ते तिला सांगता येईना.

"तुमची आई कुठं आहे?" तिनं विचारलं.

"टेकडीवरच्या कब्रस्तानात. कोरड्या जागेत." जरा थांबून तो म्हणाला, "गेल्या तीन ईदांना मी कबरीवर गेलो नाही."

त्या दिवशी गुरुवार होता. भरती चढत होती. मास्रियानं त्याला चला म्हटलं, आणि तो निमूट निघाला. त्यानं विजार गुडघ्यापर्यंत दुमडली होती, पण कब्रस्तानाच्या फाटकाशीच पाणी कमरेला लागलं. बायका आधीच उभ्या होत्या. कबरींचे दगड दिसत नव्हते, कुठंकुठं बांबूच्या काठ्या तेवढ्या वर आलेल्या. यासीन सुरू झालं. पाण्यावरून तो आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटत होता, खालूनसुद्धा. बायकांनी मोगरा आणि गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. नेहमी त्या समुद्राकडे जायच्या. त्या दिवशी वारा कसा होता कोण जाणे, पाकळ्या हळूहळू हेन्दार्तोकडे सरकल्या आणि त्याच्या कमरेभोवती गोळा होऊन थांबल्या. त्यानं त्या हातानं दूर केल्या नाहीत. दुआ संपेपर्यंत हात उघडे धरून तो हललाही नाही. परत होडीत बसताना त्याचे ओठ निळे पडले होते.

जाताना त्यानं कोणतंही वचन दिलं नाही. मास्रियानंही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ओहोटी असताना, जेव्हा कोणाकडेच पाठवायला काही नसतं, तेव्हा तिनं प्रोग्राम बंद केला. आधी कब्रस्तानाचं नाव काढलं, मग घरांची. सानिमानच्या घराचं नाव काढताना तिनं खिडकी लावून घेतली.

पेटी काही दिवसांनी दुरुस्तीसाठी म्हणून बंद झाली. तिच्या जागी एक माणूस बसवला, तो फोन उचलायचा नाही. पण उन्हाळ्यात मातीनं भरलेल्या होड्या यायला लागल्या. कोणाच्या हुकमानं, हे कागदोपत्री कुठंच नव्हतं. गावानं बांबूंचं कुंपण ठोकलं, हातोहात माती ओतली, आणि कब्रस्तान पाण्यातून माणसाच्या छातीएवढं वर आलं. म्बाह करमानला ओझं उचलवत नव्हतं. तो होडीत बसून कोणाची कबर कुठं ते बोटानं दाखवायचा.

कारण आता सगळी जमीन नवी, सपाट होती आणि दगड अंदाजानंच रोवायचे होते. पुरुषांनी मोजमाप करून तारमुजीची जागा ठरवली. मास्रिया बराच वेळ उभी राहिली. तिवरं डावीकडे होती. दगड थोडा डावीकडे घ्या, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. दगड पुरुषांनी सांगितला तिथंच बसला. पण फुलं वाहताना तिनं निम्मी दगडापाशी ठेवली आणि निम्मी डावीकडे, तिवरांच्या बाजूला, मोकळ्या मातीवर. बाकीच्या बायकांनी पाहिलं. 

मास्रिया अजून रांदुसगारातच राहते. जमीन अजून खाली बसतेच आहे. दुकानात आता ती रोज जात नाही. अयुनिंग अधूनमधून येते, कॉफी पिते, कापडांचा विषय काढत नाही.

मास्रियाचा नंबर शहरात कसा पसरला ते तिला माहीत नाही. पण पौर्णिमा जवळ आली की अनोळखी माणसांचे फोन येतात. उंचावरच्या, पक्क्या रस्त्यांच्या भागातली माणसं. आधी ती इकडचं तिकडचं बोलतात, आवाजात ओशाळलेपणा असतो. परवाच एका बाईचा फोन आला. घर बाजारपेठेच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर.

"माफ करा हं, यू. उगाच त्रास देते. आज येणार आहे का पाणी?"

मास्रियानं भिंतीवरचं भरतीचं वेळापत्रक पाहिलं. तुमच्याकडे कुठून येणार, असं ती कोणालाच म्हणत नाही.

"आज नाही," ती म्हणाली. "निवांत झोपा."

पलीकडून बाईनं सुटकेचा श्वास टाकला, आणि कोणाला तरी अंथरुणं खाली घ्यायला सांगितलं.